तांबेकर वाडा कसा पाहावा: रावपुऱ्यात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बडोद्याला पाहुणा आला की त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवायचा, सयाजीबागेत एक चक्कर मारायची, संध्याकाळी सेव-उसळ खाऊ घालायची आणि गाडीत बसवून द्यायचं, असा आपल्याकडे रिवाजच पडून गेलाय. तांबेकर वाड्याचं नाव त्यात क्वचित निघतं. रावपुऱ्यात ज्यांचा जन्म गेला अशी कितीतरी माणसं त्याच्यावरून रोज जातात, पण आत पाऊल टाकलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. एका मराठी दिवाणाचं राहतं घर, लाकूडकामासकट उभं, आणि आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली शेकडो चित्रं, असं दुसरं ठिकाण शोधायचं म्हटलं तर बरीच पायपीट करावी लागेल. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. आज तिथे तट, दरवाजे आणि जोती राहिली आहेत. इंदूरच्या राजवाड्याला १९८४ मध्ये आग लागली. लाकडाच्या वाड्यांचं आयुष्य असंच बेभरवशाचं. म्हणून जो वाडा उभा आहे तो नीट पाहून घ्यावा.

नोकरी-शिक्षणासाठी बडोद्यात नव्याने आलेल्यांसाठी आणि पुण्या-मुंबईहून एका दिवसासाठी येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी घरमालकाची ओळख

काहीच माहिती न घेता गेलात तर पंधरा मिनिटांत बाहेर याल. ‘जुनं घर, भिंतीवर चित्रं, छान आहे’, संपलं. तेव्हा निघण्याआधी एवढं डोक्यात असू द्या.

विठ्ठल खंडेराव तांबेकर, ज्यांना सगळे भाऊ तांबेकर म्हणत, ते १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण होते. गादीवर गणपतराव गायकवाड होते. सयाजीराव महाराजांचा काळ अजून लांब होता. ते १८७५ साली गादीवर आले. आज आपण ज्याला जुनं बडोदं म्हणतो, म्हणजे न्यायमंदिर, लक्ष्मीविलास, बडोदा कॉलेजचा घुमट, त्यातलं काहीही भाऊंच्या वेळी नव्हतं. हा वाडा त्या सगळ्याच्या आधीचा. हे लक्षात ठेवलं की वाड्याची ठेवण कळते. इथे इंग्रज वास्तुविशारद नाही, इटालियन संगमरवर नाही. देशावर कारभारी माणूस जसं घर बांधेल तसं हे बांधलेलं आहे: वीट, चुना, सागवान.

त्या काळात बडोद्याच्या दरबारात इंग्रज रेसिडेंटचा, म्हणजे कंपनी सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचा, शब्द फार चाले. जेम्स औट्रम हा तेव्हाचा रेसिडेंट. बडोद्यातल्या लाचलुचपतीवर त्याने १८५१ मध्ये मुंबई सरकारला अहवाल पाठवला; त्यात लाच आणि कारस्थान या अर्थाने ‘खटपट’ हा आपला शब्द त्याने जसाच्या तसा वापरला होता. अहवाल वरच्यांना झोंबला आणि औट्रमचीच बडोद्याहून उचलबांगडी झाली. पुढे १८५४ मध्ये तो पुन्हा बडोद्याला आला, आणि त्याच वर्षी भाऊंची दिवाणगिरी संपली. म्हणजे हे घर सुखवस्तू माणसाचं असलं तरी निवांत माणसाचं नव्हतं. राजा, रेसिडेंट, सावकार आणि सरदार या सगळ्यांना सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचं होतं. वरच्या दालनात उभं राहिल्यावर हे आठवा. त्या भिंतींसमोर बसून कसली कसली बोलणी झाली असतील याचा अंदाज येतो.

केव्हा जावं

या वाड्यात चित्रं मुख्यतः खिडक्यांच्या उजेडात पाहायची. तेव्हा ऊन वर आल्यावर जा आणि दुपार कलायच्या आत बाहेर पडा. सकाळी दहा-साडेदहा ही मला सगळ्यात सोयीची वेळ वाटते. रावपुऱ्याची दुकानं तेव्हा नुकती उघडत असतात, रस्त्यावर चालायला जागा असते आणि आत उजेड भरपूर येतो. संध्याकाळी जाऊ नका. बाहेर वाहनांची रीघ लागलेली असते आणि आत सावल्या पडायला लागतात.

मोसमाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये बडोद्याचं ऊन चाळिशी पार करतं. जायचंच असेल तर सकाळी लवकर निघा आणि बारा वाजायच्या आत घर गाठा. पावसाळ्यात ढगाळ दिवशी आत अंधारतं, आणि जोराचा पाऊस झाला तर जुन्या शहरातल्या रस्त्यांवर पाणी साचतं. विश्वामित्रीला पूर असेल त्या दिवशी शहराच्या मध्यात यायचा विचारही करू नका.

गणपतीत रावपुरा आणि दांडिया बाजार पाहण्यासारखे असतात, पण वाडा पाहायला ते दिवस कामाचे नाहीत. रस्ते बंद, वाहतूक वळवलेली, गर्दी अफाट. गणपती बघायला या, वाड्यासाठी वेगळा दिवस काढा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यालाही हेच लागू.

पोचायचं कसं

वाडा रावपुऱ्यात, मोठ्या पोस्टाजवळ आहे. दांडिया बाजार तिथून दोन पावलांवर. रेल्वे स्टेशनपासून अंतर तीनेक किलोमीटर. स्वतःची चारचाकी आणू नका, हे अगदी मनापासून सांगतो. गाडी कुठे लावायची या काळजीत अर्धा जीव जातो आणि उरलेल्या अर्ध्या जीवाने वाडा बघण्यात अर्थ नाही. स्टेशनबाहेर शहर बसचं स्थानक आहे, तिथून रावपुऱ्याकडे जाणारी बस मिळते. रिक्षाने जाणं सोपं.

रिक्षावाल्याला नुसतं ‘तांबेकर वाडा’ सांगितलं तर तो कदाचित विचारात पडेल. ‘रावपुरा, जीपीओ पासे’ असं सांगा, लगेच कळेल. भाडं बसण्याआधी बोलून घ्या. उतरल्यावर शेजारच्या दुकानात ‘तांबेकरनो वाडो क्यां आव्यो?’ असं विचारा. गुजराती येत नसेल तर मराठीत विचारलंत तरी चालतं. या भागात तीन-चार पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, आणि गुजराती दुकानदारांनाही मराठी समजतं. समोरचा माणूस वयस्कर असेल तर ‘काका’ म्हणून सुरुवात करा. पत्त्याबरोबर वाड्याची एखादी आठवणही ऐकायला मिळेल.

मुख्य रस्त्यावरून मोठी कमान, भव्य दरवाजा वगैरे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आजूबाजूला दुकानं, घरं, विजेच्या तारा, उभ्या केलेल्या दुचाक्या, आणि त्यांच्या मध्येच वाड्याची लाकडी दर्शनी बाजू. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक शोधा. फलकावर लिहिलेलं असतं की १९५८ च्या कायद्याखाली हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित आहे आणि नासधूस करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. त्याच दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीचं बंधन घातलं. जुन्या शहराच्या दाटीवाटीत हा नियम शेजाऱ्यांना किती जाचतो, हे तिथे उभं राहिल्यावर दिसतंच. स्वतःच्या घराची भिंत वाढवायची तर कागदपत्रांचं दिव्य करावं लागतं. वाडा टिकतो त्यात या शेजाऱ्यांचाही वाटा आहे, एवढं जाणून गल्लीत आवाज बेताचा ठेवा आणि कुणाच्या दारासमोर गाडी लावू नका.

दारातून आत

तिकीटखिडकी नाही, रांग नाही. दारात पहारेकरी किंवा खात्याचा कर्मचारी असतो. सरळ आत घुसू नका. आधी नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा, वही पुढे केली तर नाव-गाव लिहा. वर जायला कोणता जिना वापरायचा, कोणती खोली आज बंद आहे, हे त्यालाच विचारा. डागडुजी चालू असेल तर एखादा भाग बंद असू शकतो. हुज्जत घालू नका. ही माणसं दिवसाचे कितीतरी तास एकटी बसून असतात. कुणी आस्थेने विचारलं तर खूश होऊन खिडकी उघडून देतात, आणि एका खिडकीने चित्राचं रूप पालटतं.

पाठीवरची मोठी सॅक खाली ठेवता आली तर ठेवा, नाहीतर पोटाशी घ्या. अरुंद जागेत वळताना पाठीवरची पिशवी भिंतीला घासते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पाणी, खाणं, स्वच्छतागृह यांची सोय आत होईल असं धरून चालू नका. ते सगळं आधी उरकून या.

जिने जुन्या पद्धतीचे आहेत, अरुंद आणि चढे. कठड्याला धरून, एका वेळी एकाने चढावं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, उतरतानाचा विचार आधी करावा. अशा जिन्यांवर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. साडी नेसून जाणार असाल तर निऱ्या जरा वर खोचा. लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. बूट-चपला घसरणाऱ्या नकोत.

चित्रं कशी पाहावीत

आता खरा विषय. घाई असेल तर बाकीचं सोडा, पण इथे निदान एक तास द्या.

वरच्या दालनात शिरलात की पहिली पाच मिनिटं फोन खिशात राहू द्या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. सुरुवातीला सगळं तपकिरी, धुरकट दिसतं. मग एकेक रंग वर यायला लागतो. दालनाच्या मध्ये उभे राहून आधी पूर्ण भिंत पाहा: चित्रं चौकटींमध्ये विभागलेली आहेत, चौकटींना वेलबुट्टीच्या किनारी आहेत, आणि लाकडी खांब-तुळयांच्या मधल्या जागासुद्धा रंगवणाऱ्याने सोडलेल्या नाहीत. नंतर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक चौकट वाचत पुढे सरका. चित्रं पाहायची ती पोथीसारखी ओळीने, हीच इथली रीत. उड्या मारत पाहिलीत तर काहीच हाती लागणार नाही.

विषय मुख्यतः तीन. कृष्णचरित्र, महाभारत आणि इंग्रज-मराठ्यांच्या लढाया. कृष्ण ओळखायला अडचण पडत नाही: सावळं-निळं अंग, मुकुट, भोवती गोपी. पण तिथेच थांबू नका. गोपींच्या अंगावरची वस्त्रं बघा, दागिने बघा, पुरुषांच्या डोक्यावरची पागोटी बघा. गोकुळ पुराणातलं, पण माणसं चित्रकाराने आपल्या काळातली, आजूबाजूला वावरणारी घेतली आहेत. मराठी घरातल्या बायकांचे काष्टे, पगड्यांचे घाट, बैठकीची पद्धत, हत्यारं, वाद्यं. हे सगळं या चित्रांत बारकाईने पाहायला मिळतं. छायाचित्रं सर्रास निघू लागण्याच्या आधीचं बडोदं कसं दिसत होतं, याची ही खूण आहे.

एक चौकट निवडा आणि हातभर अंतरावरून तिच्याकडे बघत राहा. चेहरे बाजूने रेखलेले, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण. डोळ्याची वरची रेघ जाड, खालची केसासारखी बारीक, एका झटक्यात ओढलेली. जिथे रंगाचा पापुद्रा उडालाय तिथे खालचा गिलावा उघडा पडतो. हे समजून घेणं फार गरजेचं आहे. मराठेशाहीतल्या वाड्यांमध्ये भित्तिचित्रं साधारणपणे वाळलेल्या गिलाव्यावर, रंगात चिकटद्रव्य कालवून काढत. ओल्या गिलाव्यावर काढलेल्या चित्रात रंग भिंतीत मुरतो. इथे तो भिंतीवर नुसता बसलेला असतो. म्हणून ओल आली की तो फुगतो, कोरडं पडलं की सुटतो, आणि बोट लागलं तर बोटाला येतो.

लढाईच्या चित्रांपाशी जरा जास्त थांबा, कारण इथे इतिहासाचा पीळ आहे. पहिलं इंग्रज-मराठे युद्ध १७७५ ते १७८२. त्यात बडोद्याचे गायकवाड काही सरळ पेशव्यांच्या बाजूने नव्हते. फत्तेसिंहराव गायकवाडांनी १७८० मध्ये इंग्रजांशी तह केला होता. पुढे १८०२ पासून बडोद्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. मग १८१८ ला पेशवाई बुडाली, आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी भाऊ दिवाण झाले. पेशवाईचे दिवस ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते अशी म्हातारी माणसं तेव्हा हयात असणार. अशा घरात, अशा संस्थानात, इंग्रजांशी झालेल्या लढाया भिंतीवर काढून घेतल्या जातात. त्यात अभिमान किती, आठवण किती आणि निव्वळ कथेची हौस किती? भाऊंना भेटायला येणारा इंग्रज अंमलदार हे चित्र पाहून काय म्हणाला असेल? मला या प्रश्नांसाठीच हे दालन सगळ्यात मोलाचं वाटतं. गणवेशातले शिपाई, तोफा, घोडेस्वार कुठल्या बाजूला आहेत, कोण पुढे सरकतंय आणि कोण मागे हटतंय, हे स्वतः बघून ठरवा.

शैलीबद्दल थोडं. इथे एकच हात किंवा एकच घराणं शोधू नका. मराठी वाड्यांतल्या चित्रांची धाटणी आहे, राजस्थानी लघुचित्रांची लकब आहे, आणि इमारती नि दृश्यं दाखवताना कुठेकुठे विलायती चित्रांची छाप पडलेली आहे. बडोदं गुजरातेत, राज्यकर्ते मराठी, वर इंग्रजांची नजर. चित्रकाराच्या ब्रशात हे तिन्ही उतरलं. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहिली असतील तर तुलना जरूर करा. तिथल्या चित्रांची आठवण ताजी असेल तर इथला फरक चटकन जाणवतो.

फोटो आणि हात

फोन हातात धरून साधा फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही, तरी पहारेकऱ्याला विचारून घ्या. फ्लॅश बंद ठेवा; जुन्या रंगावर तो चमकतो आणि फोटोत पांढरा डाग तेवढा येतो. तिपाई लावून किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या बडोदा मंडळाकडून आधी लेखी परवानगी लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी भिंतीला टेकून उभं राहण्याचा हट्ट कृपा करून करू नका.

आणि हात. भिंतीला नाही, दाराला नाही, खांबालाही नाही. ‘मी फक्त हलकेच लावला’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि जिना चढून आल्यावर माणूस ज्या उंचीवर हात टेकवतो नेमक्या त्या पट्ट्यात रंग सगळ्यात आधी जातो. मुलांना हे आत जाण्याआधी, दाराबाहेर समजावून सांगा. त्यांना एक काम द्या: चित्रांतले हत्ती मोजायचे, किंवा सगळ्यात विचित्र पगडी शोधायची. हात पाठीमागे बांधून शोधायची, ही अट घाला. मुलं अट मोडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कुणी भिंतीवर नाव कोरताना किंवा रंग खरवडताना दिसलं तर गप्प बसू नका. भांडण नको, खाली जाऊन पहारेकऱ्याला सांगा.

बाहेर पडल्यावर

अंगात दम असेल तर पायीच फिरा, रिक्षाची गरज नाही. रावपुऱ्याच्या रस्त्यावर चिमणाबाई टॉवर आहे, १८९६ मध्ये सयाजीरावांच्या पहिल्या राणीच्या स्मरणार्थ बांधलेला; लोक त्याला रावपुरा टॉवर म्हणतात. दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, आणि अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना ज्या घरात राहत ते घरही. मागे सुरसागर तलाव, त्यापलीकडे न्यायमंदिर आणि लहेरीपुरा दरवाजा. सगळं एका दमात करायला जाऊ नका. न्यायमंदिरापर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं. वाटेत कुठेही सेव-उसळ खा, तिखट सांभाळून मागा, आणि घरी न्यायला लीलो चिवडो घ्या.

उरलेला वेळ मात्र मी कीर्तिमंदिराला द्या म्हणेन. विश्वामित्रीच्या पुलाजवळ, स्टेशनला परतताना वाटेवरच आहे. गायकवाड घराण्याची ही स्मृतिवास्तू १९३६ ची. तिच्या भिंतींवर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या वर्षांत चित्रं काढली: गंगावतरण, मीरेचं जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरचं नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. सकाळी तांबेकरांच्या भिंतीवर जे महाभारत पाहिलंत, तेच शंभरेक वर्षांनी त्याच शहरात, दुसऱ्या हाताने, पार वेगळ्या समजुतीने काढलेलं दिसतं. एका दिवसात ही दोन्ही युद्धं पाहायची तर आधी वाडा, मग कीर्तिमंदिर, हाच क्रम ठेवा. उलट गेलात तर नंदबाबूंच्या मोठ्या, मोकळ्या भिंतींनंतर वाड्यातल्या लहान चौकटींवर नजर ठरत नाही. तिथे प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या सकाळीच विचारून ठेवा.